आधी कप, मग पंगत: एचआयव्हीसोबत जगणाऱ्याच्या मनातली लाज उतरवण्याचा क्रम

एक मावशी आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. गोळ्या कधी चुकवल्या नाहीत, रिपोर्टात विषाणू सापडतही नाही. तरी घरात त्यांचा कप वेगळा, ताट वेगळं, आणि नातवाचा पापा त्या घेत नाहीत. कुणी सांगितलंय म्हणून नव्हे. सुनेला तर काही ठाऊकच नाही. मावशींनी स्वतःच स्वतःला विटाळ लावून घेतलाय. गोळ्या न्यायला आल्या की कुणी ना कुणी म्हणतं, "मनाला लावून घेऊ नका." त्या मान हलवतात, डबी पिशवीच्या तळाशी सरकवतात आणि एसटी गाठतात. कप वेगळा तो वेगळाच.

कागदोपत्री याला स्व-कलंक म्हणतात. समोर बसलेल्या माणसाला हा शब्द सांगू नका. त्याला आणखी एक आजार झाल्यासारखं वाटतं.

मदत करणारे बहुतेक जण चुकतात ते क्रमात. आधी धीर देतात, मग माहितीचा पाऊस पाडतात आणि थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात: "घरी सांगून टाका, मोकळं वाटेल." मीही सुरुवातीची दोन वर्षं असंच केलं, आणि त्यात एका मुलीचं माहेर तुटलं. पुढे दिलेला क्रम त्यानंतर हळूहळू बसवलेला आहे. तो समुपदेशकांसाठी आहे, आउटरीच कार्यकर्त्यांसाठी आहे, पॉझिटिव्ह लोकांचे गट चालवणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्याला घरात एकट्यालाच ठाऊक आहे अशा भावासाठी किंवा बायकोसाठीही.

## तयारी: माणूस समोर येण्याआधी

आधी आपली जीभ. "एड्सचा पेशंट", "एचआयव्हीग्रस्त" हे शब्द तोंडातून काढून टाका. एचआयव्ही हा विषाणू. एड्स ही उपचार न मिळाल्यास पुढे येणारी अवस्था. नियमित गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांवर ती वेळ येत नाही. "एचआयव्हीसोबत जगणारी व्यक्ती" हे लांबलचक वाटतं, पण बोलताना "तुम्ही" किंवा "मावशी" एवढंच लागतं, विशेषण लागतच नाही.

सगळ्यात घातक शब्द मात्र प्रेमानं वापरला जातो. तो म्हणजे "निष्पाप". "बिचारीला नवऱ्यामुळे झालं, ती निष्पाप आहे." एकीला निष्पाप म्हटलं की शेजारच्या खुर्चीवरचा ट्रकचालक, देहविक्री करणारी बाई, तृतीयपंथी, समलिंगी मुलगा हे सगळे आपोआप पापी ठरतात. त्या बाईलाही वाटत राहतं, की माझी बाजू सिद्ध झाली तरच मला माणूस म्हणून किंमत आहे.

जागा. कपाटाची आडभिंत केलेली खोली ही खोली नव्हे. बाहेरच्या रांगेला सगळं ऐकू जातं. दार बंद होत नसेल तर आवारातल्या झाडाखालचा बाक परवडला. तिथं निदान कोण जवळ येतंय ते दिसतं.

फोन. पहिल्याच दिवशी विचारा: "फोन केला तर कोण म्हणून बोलू? दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगू?" व्हॉट्सॲपवर तपासणीच्या आठवणी पाठवू नका. घरातला फोन बहुधा मुलांच्या हातात असतो.

माहिती. एवढं तोंडपाठ हवं. एचआयव्ही असुरक्षित लैंगिक संबंधातून, बाधित रक्तातून व सुईतून, आणि आईकडून बाळाला गरोदरपणी, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून जातो. ताट, कप, संडास, मिठी, पापा, घाम, अश्रू, डास यांतून जात नाही. नंबर जवळ ठेवा: एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७, मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६, महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२.

कायदा. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ सालचा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचं घर यांत भेदभाव करायला तो मनाई करतो. कायद्यानं सांगितलेले मोजके अपवाद सोडले तर संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. तसेच मोजके अपवाद सोडले तर संमतीशिवाय दुसऱ्याला सांगताही येत नाही. बाईला आणि १८ वर्षांखालच्या मुलाला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. कोर्टात टोपणनावानं दाद मागता येते. हे भाषणात सांगायचं नाही, वेळ आली की काढायचं.

> स्वतःला तपासा: या माणसाच्या हातचा चहा, त्याच्याच घरी, त्याच्याच कपातून तुम्ही प्याल का? उत्तराआधी क्षणभर थांबलात, तर ते थांबणं समोरच्यालाही दिसणार आहे. आधी ते निस्तरा.

## १. पहिली भेट: जीव सुरक्षित आहे ना?

लाजेबद्दल बोलण्याआधी तीन गोष्टी सरळ विचारायच्या.

एक, मरणाचे विचार येतात का. आडवळणानं नको. "जगू नये असं वाटतं का? काही करून घ्यायचं ठरवलंय का?" विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं म्हणून माणूस रडतो. ठरवलं असेल, साधन जवळ असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशक कुठं ठेवलंय ते विचारा, ते घराबाहेर हलवण्याची व्यवस्था करा आणि त्याच दिवशी मानसोपचार विभागात घेऊन जा.

दोन, घरात मारहाण आहे का, घराबाहेर काढण्याची धमकी आहे का.

तीन, गोळ्या चालू आहेत का, कधी सुटतात. लाजेमुळे सुटत असतील तर तो धागा पकडून ठेवा, टप्पा ५ मध्ये कामाला येईल.

झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नैराश्यही असू शकतं. त्याला डॉक्टर लागतो. लाजेवरचं काम सोबत चालू शकतं, त्याच्या जागी नाही.

पहिल्या भेटीत एवढंच. पुढची तारीख द्या आणि थांबा.

## २. लाज कुठं बसलीय ते शोधा

"तुम्हाला स्वतःची लाज वाटते का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. लाज तोंडानं बोलत नाही, ती हाताला दिसते. म्हणून मी एकच प्रश्न विचारते: "काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं, सांगा." आणि घाई करत नाही.

मग दिसू लागतं. डबीचं लेबल खरवडून काढलंय. डबी वाजू नये म्हणून आत कापूस कोंबलाय. उपचाराच्या नोंदींच्या हिरव्या पुस्तकाला शाळेच्या वहीचा कागद चढवलाय. जवळचं एआरटी केंद्र (जिथं एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते) सोडून दोन जिल्हे पलीकडचं गाठलंय. बारशाला गेली पण बाळ हातात घेतलं नाही. लग्नात वाढायला उभा राहिला नाही, पाठ दुखते म्हणाला. बोट कापलं तेव्हा अख्खं स्वयंपाकघर धुऊन काढलं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीसोबत जगणारेही बसतात, पण अर्जाचा कागद तलाठ्याच्या टेबलावर जाणार म्हणून अर्जच केला नाही.

ही यादी लिहून काढा, त्याच माणसाच्या शब्दांत.

आता या टप्प्यातलं मुख्य काम. यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढं विचारा: ही भीती आतली आहे की बाहेरची? नातवाचा पापा न घेणं आतलं आहे. पापा घेतल्यानं काही होत नाही. घरमालक कळल्यावर खरंच बाहेर काढेल, शेजारच्या गल्लीत तसं झालंय, ही भीती बाहेरची. ती शहाणपणाची आहे. तिला "तुमच्या मनाचे खेळ" म्हटलंत तर तो माणूस पुन्हा येणार नाही, आणि येऊही नये. बाहेरच्या भीतीवर इलाज कायद्याचा, बदलीचा, दुसऱ्या केंद्राचा. आतल्या भीतीवर पुढचे टप्पे.

काही वेळा दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात, आणि तिसराच कलंक मध्ये येतो. विधवा बाईला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत ते ती विधवा आहे म्हणून. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ साली विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला तो यासाठीच. पण बाई घरी बसून मानते की लोकांना माझा आजार कळलाय. हे दोन धागे वेगळे करून दाखवले की तिच्या डोक्यावरचं अर्धं ओझं तिथंच उतरतं. राग मात्र येतो, योग्य ठिकाणी. येऊ द्या.

> तपासा: यादीत निदान पाच ठोस कृती आहेत का? "उदास वाटतं", "कमीपणा वाटतो" अशाच नोंदी असतील तर अजून कालचा दिवस नीट ऐकलेला नाही.

## ३. शास्त्र सांगा, पण त्याचाच कागद हातात घेऊन

तक्ते, फ्लिपचार्ट बाजूला ठेवा. त्या माणसाचा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, शेवटचा रिपोर्ट काढा. उपचार सुरू झाल्यावर ही तपासणी ६ महिन्यांनी, मग १२ महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा मोफत होते. पण रिपोर्टचा अर्थ रुग्णाला क्वचितच सांगितला जातो. "चांगलाय" म्हणून पुस्तक परत देतात. "टार्गेट नॉट डिटेक्टेड", म्हणजे विषाणू सापडला नाही, असं लिहिलेला कागद वर्षभर पिशवीत घेऊन फिरणाऱ्या आणि तरी वेगळा कप ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्यात.

कागदावर बोट ठेवून सांगा: "गोळीमुळे तुमच्या रक्तातला विषाणू इतका कमी झालाय की मशीनलाही सापडत नाही. असा विषाणू लैंगिक संबंधातून जोडीदाराकडे जात नाही." न सापडणारा तो न पसरणारा. ही नुसती धीर देण्याची भाषा नाही. एक जोडीदार पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा १,७६३ जोडप्यांचा एचपीटीएन ०५२ हा अभ्यास झाला, त्यातही हेच दिसलं, आणि त्यात आपल्या पुण्यातली आणि चेन्नईतलीही जोडपी होती. युरोपातल्या पार्टनर अभ्यासांत विषाणू दबलेल्या व्यक्तीकडून निरोध न वापरताही जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्टच लिहिलं: विषाणू सापडत नसेल तर लैंगिक संबंधातून धोका शून्य, सापडतो पण एका मिलिलीटर रक्तात १,००० प्रती किंवा त्याखाली असेल तर जवळपास शून्य.

मर्यादाही त्याच दमात सांगा. हे वाक्य गोळ्या नियमित चालू असेपर्यंतच खरं. अंगावरच्या दुधाला आणि सुईला ते लागू नाही. आई गोळ्या घेत असेल तर दुधातला धोका खूप कमी होतो, पण बाळाचं औषध आणि दूध केंद्राच्या सल्ल्यानंच. निरोध इतर गुप्तरोगांसाठी आणि नको असलेल्या गर्भासाठी लागतोच.

> सावधान: ज्यांचा व्हायरल लोड अजून दबलेला नाही, त्यांच्यासमोर हा आकडा शाबासकीसारखा फिरवू नका. नवी लाज तयार होते: "दुसऱ्यांचा शून्य आला, माझा नाही, म्हणजे मी अजून घाणेरडा." आकडा औषधाचं काम मोजतो. आणि कप, ताट, पापा यांना तर कुठल्याच आकड्याची अट नाही, हे आवर्जून सांगा.

> तपासा: "समजलं का?" असं विचारू नका. "घरी बहिणीला हे कसं सांगाल?" असं विचारा आणि तिच्या तोंडून ऐका. नेमकं कुठं चुकतंय ते तिथं कळतं.

## ४. वाक्य पकडा

माहिती मिळाल्यावर काहींचा कप आपसूक बदलतो. बहुतेकांचा बदलत नाही. डोक्याला पटलेलं असतं, हात धजत नाही. कारण हाताला अडवणारं एक वाक्य आत बसलेलं असतं. ते बाहेर काढायचं. यादीतली एक कृती घ्या आणि विचारा: "बाळ उचलायला हात पुढे केला, तेव्हा मनात काय आलं?"

वाक्यं साधारण अशी येतात: मी घाण आहे. माझं रक्त नासलंय. हे माझ्या कर्माचं फळ. मी पांढऱ्या पायाची. माझ्याशी कोण लग्न करणार. मी कुणाला काय तोंड दाखवू.

खोडू नका. "छे छे, असं कसं म्हणता!" हा आपला पहिला उद्गार असतो आणि तो गिळायचाच. वाद घातला की माणूस आपल्या वाक्याची वकिली करू लागतो. वाक्य कागदावर लिहा, त्याच्यासमोर ठेवा आणि एकेक प्रश्न विचारा. प्रत्येकानंतर गप्प बसा.

- हे पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलं?
- हे वाक्य मनात आलं की तुम्ही काय करता? काय करायचं टाळता?
- तुमच्या धाकट्या बहिणीला हाच आजार असता तर तिला हे म्हणाला असता?
- हे वाक्य डोक्यात नसतं तर कालचा दिवस कसा गेला असता?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं. चाचणीचा निकाल देणाऱ्यानं रिपोर्ट टेबलावर सरकवताना बोटं मागं घेतलेली. दिरानं अंत्यविधीला म्हटलेलं काहीतरी. म्हणजे वाक्य आपलं नव्हतंच, कुणीतरी हातात ठेवलेलं. हे तुम्ही सांगायचं नाही. ते त्यालाच दिसू द्या, थोडा वेळ लागतो.

शेवटी त्याला स्वतःचं नवं वाक्य करू द्या. लहान, साधं आणि खरं. "मी शुद्ध आहे" असलं काही शिकवू नका; शुद्ध-अशुद्धाच्याच तराजूत पुन्हा बसवलं त्याला. "मला एक आजार आहे, गोळी चालू आहे" एवढं पुरतं. एका माळकरी आजोबांनी चार वर्षं वारी सोडली होती. त्यांच्या कर्माच्या हिशेबात मी शिरलेच नाही, फक्त शेवटचा प्रश्न विचारला. बराच वेळ टाळ नसलेल्या हातांकडे बघून म्हणाले, "पायावर डोकं ठेवायला रिपोर्ट थोडाच मागतात." ते वाक्य मला कधीच सुचलं नसतं.

खरी खंत असेल तेव्हा. बायकोला आपल्यामुळे लागण झाली हे ठाऊक असलेला नवरा समोर बसतो, तेव्हा हे प्रश्न अपुरे पडतात. "तुमचा काही दोष नाही" असं म्हणून त्याला स्वस्तात सोडवू नका. ते त्याला पटत नाही आणि बायकोवर अन्याय होतो. "माझ्याकडून चूक झाली" आणि "मी माणूसच नालायक" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसऱ्यावर वरचे प्रश्न चालतात. पहिल्याला कृती लागते: माफी मागणं, तिच्या तारखांना सोबत जाणं, मुलांची तपासणी करून घेणं, घर तिच्या नावावर करणं. लाजेनं दारूत बुडालेला माणूस यातलं काहीच करत नाही, म्हणून लाज उतरवायची.

## ५. एका आठवड्याला एक कृती

आता टप्पा २ ची यादी काढा आणि सोप्यापासून अवघडाकडे मांडा. कोणती सोपी हे तुम्ही ठरवायचं नाही. मावशींची शिडी अशी होती:

पहिला आठवडा: स्वतःचा कप मांडणीवर सगळ्यांच्या कपांत ठेवायचा. बस. त्यातून कोण पितं ते बघायचं नाही.
दुसरा आणि तिसरा: ताट सगळ्यांच्या ताटांत.
चौथा: नातवाला मांडीवर घेऊन भरवायचं. (स्वतः चावलेला घास तेवढा नको, तो कुठल्याच बाळाला नको.)
पाचवा: पापा. इथं अडलं, दोन आठवडे गेले.
नंतर कधीतरी: भाचीच्या लग्नात पंगतीला वाढणं.

नियम थोडे आहेत. कृती दिसणारी हवी. "आनंदी राहीन" ही कृती नव्हे. ती घरच्या कुणाला काही न सांगता करता यायला हवी, कारण सांगण्याचा टप्पा अजून आलेला नाही. जमली नाही तर पायरी लहान करा, माणसाला रागावू नका. आणि केल्यावर काय झालं ते विचारा: "बाळ आजारी पडेल असं वाटलं होतं, पडलं का?" अनुभवानं जे पटतं ते माझ्या शंभर वाक्यांनी पटत नाही.

गोळीही शिडीवर घ्या. लपवून घ्यावी लागते म्हणून डोस चुकतो, अशी तक्रार असेल तर आधी सोयीची वेळ शोधा. हल्ली बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, वेळ बदलणं अवघड नाही. फक्त केंद्रावर विचारून. डबीतला कापूस काढायला मात्र घाई करू नका. घरात खरंच कुणी शोधत असेल तर तो कापूस त्याच्या कामाचा आहे.

> सावधान: प्रत्येक वेगळेपणा म्हणजे लाज नव्हे. दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश वेगळे हवेतच, घरातल्या सगळ्यांचे. जखमेवर पट्टी बांधणं ही साधी स्वच्छता आहे. उत्साहाच्या भरात तेही मोडायला लावलेलं मी ऐकलंय.

## ६. आपल्यासारखं दुसरं माणूस

पाच-सहा आठवडे कृती झाल्या की मग भेट घालून द्या, त्याआधी नको. पहिल्याच आठवड्यात गटात नेलेला माणूस कोपऱ्यात बसतो आणि "माझ्यासारखे इतके बरबाद झालेत" एवढंच घेऊन जातो.

सुरुवात एकास एक. त्याच वयाचं, शक्यतो तसंच काम करणारं, आणि दुसऱ्या तालुक्यातलं. एकाच बाजारगावातली दोन माणसं समोरासमोर आणलीत तर पुढच्या आठवडी बाजारात दोघंही तोंड चुकवतात. दोघांची आधी परवानगी घ्या, नावं न सांगता.

गटात नेताना नियम पहिल्या पाच मिनिटांत: इथलं इथंच, फोटो नाही, कुणालाही "कसं झालं" विचारायचं नाही. हा शेवटचा नियम मोडणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

आणि १ डिसेंबर. जागतिक एड्स दिनाला व्यासपीठावर "अनुभव सांगायला" माणूस हवा असतो, आणि नुकतं सावरू लागलेलं माणूस नाही म्हणत नाही, कारण ते तुमचं देणं लागतं असं त्याला वाटतं. शाल-नारळ घेऊन ते घरी जातं आणि संध्याकाळी फोटो गावच्या ग्रुपवर फिरतो. तुम्हीच त्याच्या वतीनं नाही म्हणा.

## ७. सांगायचं का, कुणाला, कधी

मोकळं होण्यासाठी सगळ्यांना सांगावं लागतं, हा समज मदत करणाऱ्यांनीच पसरवलाय. कुणालाच न सांगता लाजेतून पूर्ण बाहेर आलेली माणसं आहेत. सांगणं ही कबुली नव्हे. कबुली गुन्ह्याची देतात.

लैंगिक जोडीदार हा वेगळा विषय. त्याची तपासणी आणि काळजी थांबवता येत नाही, म्हणून ही चर्चा टप्प्यांची वाट न पाहता उपचारासोबतच सुरू होते. जोडीदाराला खरा धोका असेल, समुपदेशन करूनही माणूस सांगणार नाही अशी खात्री झाली असेल आणि "मी सांगणार आहे" हे त्याला आधी कळवलं असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतो. पण सांगितल्यानं बाईवर मारहाण होईल किंवा तिला टाकून देतील अशी रास्त भीती असेल, तर सांगायचं नाही, हेही कायद्यातच आहे. अशी तरतूद त्या वर्षी असती, तर सुरुवातीला उल्लेख केलेल्या मुलीचं माहेर कदाचित वाचलं असतं. कायदा मात्र तेव्हा यायचा होता.

इतर कुणालाही सांगायचं असेल तर हा क्रम:

1. का सांगायचंय? "मनावर दडपण आहे" हे पुरेसं कारण नाही. ते माझ्यापाशी, गटात उतरवता येतं. "ऑपरेशनच्या वेळी कुणीतरी सोबत हवं" हे कारण.
2. एकच माणूस निवडा. दुसऱ्याचं गुपित त्यानं पूर्वी तुम्हाला सांगितलंय का? सांगितलं असेल तर तो नको.
3. आधी पाणी जोखा: "टीव्हीवर एचआयव्हीबद्दल दाखवत होते" म्हणून विषय काढा, तो काय बोलतो ते ऐका.
4. सांगायचं वाक्य इथं, खुर्चीत बसून, मोठ्यानं तीनदा म्हणून बघा. रडू येत असेल तर अजून थांबा.
5. दिवस निवडा. सणाच्या, दारूच्या, भांडणाच्या दिवशी नाही. त्या रात्री गरज पडली तर दुसरीकडे झोपायची सोय असू द्या.
6. सांगितल्यावर दोन दिवसांत मदत करणाऱ्याचा फोन, ठरलेल्या नावानं.

जन्मतः पॉझिटिव्ह मुलांना शाळकरी वयात, टप्प्याटप्प्यानं सांगायचं असतं, साधारण बाराव्या वर्षाच्या आत. "रक्तातले सैनिक" वगैरे गोष्टींपासून सुरुवात करून नाव शेवटी. घरच्यांनी "गोळी टीबीची आहे" असं सांगितलेलं मूल पुढे कधीतरी डबीवरचं नाव मोबाईलवर शोधतंच. ते एकट्यानं शोधण्याआधी सांगा.

## ८. घसरण

तीन महिन्यांनी पुन्हा तोच प्रश्न: काल काय काय केलं? जुन्या यादीशी ताडून पाहा. काही ओळी गळालेल्या असतील, दोन-तीन तशाच असतील. जुनी यादी त्याला दाखवा. आपण काय काय करत होतो हे तो विसरलेला असतो. तुमच्या वहीत नाव, गाव लिहू नका, खूण ठेवा, आणि वही कुलपात.

लाज परत येते ती ठराविक वेळी: लग्नाचं स्थळ आलं की, दुसऱ्या गावी ऊसतोडीला किंवा कामाला गेलं की, व्हायरल लोड वाढला की, गटातलं कुणी गेलं की. नव्या दवाखान्यात नर्सनं पुस्तक बघून हातमोज्यांवर हातमोजे चढवले तरी पुरे. त्या वेळा आधीच लिहून ठेवा आणि प्रत्येकीपुढं एक नाव, एक नंबर.

मावशींच्या बाबतीत नातेवाइकांत कुणीतरी एचआयव्हीनं गेलं आणि तेराव्याला लोक काहीबाही बोलले. पुढच्या तारखेला त्या आल्या तेव्हा मी गोळ्यांआधी कपाचं विचारलं. "परत बाजूला ठेवलाय," म्हणाल्या. मग पुन्हा पहिल्या आठवड्यापासून: कप मांडणीवर. या वेळी पाप्यापर्यंत पोचायला आठ दिवस लागले.